रोझेलची मावशी

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लढाया, तह आणि राज्याभिषेक उभे राहतात. शाळेत आपण तोच शिकलो आणि मुलांचा अभ्यास घेताना तोच पुन्हा पाठ करून घेतला. परंतु दोन संसारी बायकांनी दोन खंडांतून एकमेकींना लिहिलेली पत्रे हाही इतिहासच आहे, आणि मला तर तो फार जवळचा वाटतो. म्हणून वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी ऐतिहासिक लिहा, असे आपल्या चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी तोच विषय घेतला.

हा विषय घेण्याचे आणखीही एक कारण आहे. आपले मंडळ सुरू झाले तेव्हा हळदीकुंकवाला येणाऱ्या बहुतेक सर्वजणी एकाच भाषेच्या आणि थोड्याफार फरकाने एकाच चालीरीतीच्या होत्या. आज आपल्याच आळीत तमिळ, गुजराती, बंगाली, कानडी आणि हिंदी बोलणारी बिऱ्हाडे आहेत. जिन्यात गाठ पडली की आपण हसतो, त्याही हसतात, आणि बोलणे तेथेच संपते. "काय बोलायचे त्यांच्याशी? त्यांचे सगळेच निराळे," असे आपण म्हणतो. त्याही आपल्या घरात बसून हेच म्हणत असतील! निराळ्या चालीरीतीच्या माणसाशी बोलावे कसे, याचा मला पटलेला धडा डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या चरित्रात आहे.

आनंदीबाईंचे नाव आपणांस नवे नाही. अमेरिकेत जाऊन वैद्यकाची पदवी मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून आपण त्यांना वंदन करतो. पण त्या तेथे कोणाच्या घरी उतरल्या, आणि त्या घराचे दार त्यांना कशामुळे उघडले, हे आपण फारसे सांगत नाही. ते आज सांगावे असे मनात आहे.

कल्याणच्या जोशी घराण्यातली यमुना. जन्म 31 मार्च 1865 चा. नवव्या वर्षी तिचे लग्न गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. ते बिजवर, वयाने बरेच मोठे आणि टपाल खात्यात नोकरीला होते. सासरी तिचे नाव आनंदी झाले. बायकोने स्वयंपाकघरात बसण्याऐवजी पुस्तक घेऊन बसावे, असा गोपाळरावांचा हट्ट. त्या काळी हा हट्ट जगावेगळाच होता. वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास आनंदीबाईंना मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. वेळेवर नीट औषधोपचार मिळाला असता तर मूल वाचले असते, ही टोचणी त्यांच्या मनाला लागली ती कायमची. पुरुष डॉक्टरांपुढे आपले दुखणे उघड करण्यापेक्षा बायका मरण पत्करीत. तेव्हा बायकांसाठी बाईच डॉक्टर हवी, हे त्यांनी मनाशी ठरवले.

गोपाळराव कोल्हापुरास असताना 1878 मध्ये त्यांनी अमेरिकेतील मिशनरी मंडळींकडे पत्र लिहिले. पत्नीला शिकवायचे आहे, त्यासाठी अमेरिकेत येण्याची इच्छा आहे, तेथे मला काही काम मिळेल काय, अशी त्यात विचारणा होती. पत्र पोचले ते रेव्हरंड रॉयल वाइल्डर यांच्या हाती. वाइल्डर हे पूर्वी कोल्हापुरातच मिशनचे काम करीत होते आणि नंतर अमेरिकेत प्रिन्स्टन येथे राहून एक मासिक चालवीत होते. त्यांनी गोपाळरावांचे पत्र आणि आपले उत्तर दोन्ही त्या मासिकात छापले. उत्तराचा मथितार्थ असा की, आधी ख्रिस्ती धर्म स्वीकारावा, मग पुढचे बोलावे.

येथे जरा थांबून विचार करण्यासारखे आहे. वाइल्डर यांनी आपल्या मुलखात अनेक वर्षे काढली होती. आपल्या लोकांच्या चालीरीती त्यांना अमेरिकेतल्या इतर कोणाहीपेक्षा जास्त ठाऊक होत्या. गोपाळरावांनाही इंग्रजी उत्तम येत होते. म्हणजे भाषेची अडचण नव्हती आणि ओळखीचीही नव्हती. तरीसुद्धा दोघांचे बोलणे जुळले नाही. कारण बोलण्याआधीच एकाने अट घातली होती. "तू माझ्यासारखा हो, मग मी तुझे ऐकतो," असे म्हटल्यावर दुसऱ्याने पुढे बोलायचे तरी काय?

ते मासिक कालांतराने न्यू जर्सी प्रांतातील रोझेल नावाच्या लहानशा गावी एका गृहिणीच्या हाती पडले. तेही कोठे, तर दातांच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असताना! त्यांचे नाव थिओडोशिया कार्पेंटर. ही गोष्ट 1880 सालची. कार्पेंटरबाई ना मिशनरी, ना विदुषी, ना कोणा संस्थेच्या अध्यक्ष. त्या आपल्यासारख्याच नवरा-मुलांचे करणाऱ्या एक बाई होत्या. हिंदुस्थान त्यांनी कधी पाहिला नव्हता. पत्रात त्यांना एवढेच दिसले की, दूर कोठेतरी एका लहान वयाच्या मुलीला शिकायचे आहे आणि तिला वाट सापडत नाही. घरी येऊन त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिले.

तेव्हापासून तीन वर्षे ही पत्रे चालली. त्या काळी टपाल बोटीने जाई आणि उत्तर यायला कित्येक आठवडे लागत. त्या पत्रांत असे काय? आपले सणवार, आपले जेवणखाण, लग्नाच्या रीती, बायकांचे आयुष्य, धर्म म्हणजे तुम्ही काय समजता, आमच्याकडे काय समजतात, असे ते लिहिणे. एकीने विचारावे, दुसरीने समजावून सांगावे आणि उलट आपणही विचारावे. आनंदीबाईंची प्रकृती तेव्हाही बरी नसे. डोके दुखे, अशक्तपणा असे. हे कळल्यावर कार्पेंटरबाईंनी अमेरिकेतून औषधे पाठवली. त्यांचा फारसा गुण आला नाही, ही गोष्ट वेगळी. पण ज्या मुलीला आपण पाहिलेही नाही तिच्यासाठी औषधाची पुडकी बांधणे, हे काम मावशीचेच नव्हे काय?

आणि आनंदीबाई त्यांना मावशीच मानू लागल्या. इंग्रजी पत्रांत त्यांनी 'आंट' लिहिले आहे. इंग्रजीचे हे एक बरे आहे. त्या एका शब्दात आत्या, काकू, मामी, मावशी सगळ्या बसतात. आपल्या भाषेत मात्र निवड करावी लागते. काकू म्हटले की सासरचा मान आला, आत्या म्हटले की थोडा धाक आला. आईच्या बहिणीचे नाते ते मायेचे. म्हणून मला तरी कार्पेंटरबाईंना मावशीखेरीज दुसरा शब्द सुचत नाही.

पुढे गोपाळरावांची बदली बंगालमध्ये झाली. आनंदीबाई एकट्या अमेरिकेला जाणार ही बातमी फुटली तेव्हा आपले लोकही रागावले आणि परकेही. घराबाहेर पडले की लोक टवकारून पाहत, टिंगल करीत. शेवटी 24 फेब्रुवारी 1883 रोजी श्रीरामपूर येथील कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाई स्वतः बोलायला उभ्या राहिल्या. वय अठरा पुरे नव्हते. त्यांचे ते इंग्रजी भाषण मला अनेक कारणांनी आवडते. पण सर्वांत आवडते त्याची रचना. लोक त्यांना जे प्रश्न विचारीत होते, तेच सहा प्रश्न त्यांनी भाषणात मांडले. अमेरिकेला का जाता? हिंदुस्थानात शिकण्याची सोय नाही काय? एकट्या का जाता? परत आल्यावर जात वाळीत टाकणार नाही काय? तेथे काही संकट आले तर काय कराल? जे आजवर कोणा बाईने केले नाही ते तुम्हीच का करावे? एकेक प्रश्न घेऊन त्यांनी शांतपणे उत्तर दिले. मी हिंदू म्हणूनच जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येऊन राहीन, हेही त्यांनी स्वच्छ सांगितले.

भांडणाऱ्या माणसाचा प्रश्न त्याच्यापेक्षा नीट शब्दांत मांडून दाखवणे सोपे नाही. आपण बहुधा प्रश्न अर्धा ऐकतो आणि उत्तर दीडपट देतो! आनंदीबाईंना पत्रलेखनाची तीन वर्षांची सवय होती. समोरच्याला नेमके काय कळलेले नाही हे आधी पाहायचे आणि मग सांगायचे, ही ती सवय. त्या सभेत ती उपयोगी पडली.

7 एप्रिल 1883 रोजी कलकत्त्याहून त्यांची बोट निघाली आणि 4 जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या. घ्यायला कार्पेंटरबाई आल्या होत्या. शरद ऋतू लागेपर्यंत आनंदीबाई रोझेलला त्यांच्याच घरी राहिल्या. मांसाहारी ख्रिस्ती घरात शाकाहारी ब्राह्मण मुलगी राहिली, कुंकू लावून आणि लुगडे नेसून राहिली. कोणी कोणाला बदलले नाही. मात्र थंडी कोणाचा धर्म पाहत नाही. नऊवारीत पोटऱ्या उघड्या पडत. तेव्हा आनंदीबाईंनी गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली आणि तसे नवऱ्याला पत्राने कळवले. झगा घातला नाही आणि नऊवारीचा हट्टही धरला नाही. आपल्याच देशातल्या शेजारणीची रीत उचलली. मला ही युक्ती फार शहाणपणाची वाटते.

फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात त्यांना प्रवेश मिळाला. कॉलेजला लिहिलेल्या अर्जात त्यांनी आडपडदा ठेवला नाही. आपल्या देशातील गरीब, पीडित भगिनींना खरी वैद्यकीय मदत द्यायची आहे. पुरुष डॉक्टरकडून ती घेण्यापेक्षा त्या मरण पत्करतात, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. कॉलेजच्या प्रमुख रेचल बॉडलेबाई यांनी त्यांना आपल्या पंखाखाली घेतले आणि तीन वर्षांसाठी 600 डॉलरची शिष्यवृत्तीही मिळाली.

आता एक अवघड गोष्ट सांगते. अमेरिकेत एका सभेत आनंदीबाईंना बालविवाहावर बोलायला सांगितले होते. नवव्या वर्षी लग्न झालेली, चौदाव्या वर्षी मूल गमावलेली ही मुलगी त्या चालीचा कडकडून निषेध करील, असे श्रोत्यांना वाटले होते. पण आनंदीबाईंनी त्या चालीचे समर्थन केले! पुष्कळांना ते आवडले नाही आणि आज वाचताना आपल्यालाही रुचत नाही. बालविवाहाने किती मुलींचे आयुष्य नासले हे आपण जाणतो. मग त्या असे का बोलल्या असतील?

मला वाटते, याचे उत्तर आपल्या प्रत्येकीच्या अनुभवात आहे. माहेरचे कोणी सासरच्यांविषयी वाकडे बोलले की, जिला सासरी छळ सोसावा लागतो तीही सासरची बाजू घेते. परक्यांच्या सभेत आपले घर आरोपीसारखे उभे केले गेले, की माणूस आधी त्याचा बचाव करतो. खरे दुखणे तो तेथे बोलत नाही. आणि तेच दुखणे ऐकून घेणारे कोणी भेटले, की माणूस आपणहून सांगतो. कॉलेजच्या अर्जात आनंदीबाईंनी आपल्या देशातील बायकांचे हाल लपवले नाहीत. अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या एका पत्रात तर त्यांनी, दहाव्या वर्षी लाकडाच्या ढलप्यांनी खाल्लेला मार आणि बाराव्या वर्षी अंगावर फेकली गेलेली पुस्तके व खुर्च्या, हेही त्याला लिहून दाखवले. जवळ असताना जे बोलता आले नाही, ते एवढ्या लांबून लिहिता आले. तात्पर्य, खरे बोलायला धैर्य लागते हे तर झालेच. पण ऐकणारा न्यायाधीश होऊन बसला आहे की शेजारी होऊन, यावरही पुष्कळ अवलंबून असते.

गोपाळराव स्वतः पुढे अमेरिकेत गेले. त्यांच्याविना आनंदीबाई अक्षरही शिकल्या नसत्या, हे त्यांचे ऋण कोणी नाकारणार नाही. परंतु अमेरिकेत त्यांनी ठिकठिकाणी व्याख्याने देऊन तेथील समाजावर, तेथील बायकांच्या वागणुकीवर आणि मिशनऱ्यांवर कठोर टीका केली. आनंदीबाईंना मदत करणाऱ्या माणसांनाही त्यामुळे अवघडल्यासारखे झाले. गंमत पाहा, वाइल्डरसाहेबांनी गोपाळरावांना जे केले, तेच गोपाळरावांनी त्यांच्या देशबांधवांना केले. दोघेही विद्वान, दोघांनाही समोरच्या समाजाची माहिती. पण दोघेही शिकवायला गेले, विचारायला नाही.

याच्या उलट एक चित्र आहे. 10 ऑक्टोबर 1885 रोजी कॉलेजच्या समारंभात काढलेले एक छायाचित्र आजही उपलब्ध आहे. त्यात तीन विद्यार्थिनी शेजारी शेजारी बसल्या आहेत. आपल्या आनंदीबाई साडीत, जपानच्या केई ओकामी किमोनोत आणि सीरियाच्या साबात इस्लांबूली त्यांच्याकडच्या पोशाखात. तिघींच्या मातृभाषा निराळ्या, धर्म निराळे, अन्न निराळे. पण तिघींनाही एकच वैद्यक शिकायचे होते. ओकामी 1889 मध्ये पदवीधर झाल्या, इस्लांबूली 1890 मध्ये. आनंदीबाई त्यांच्याही आधी, 11 मार्च 1886 रोजी झाल्या. पदवीसाठी त्यांनी विषय घेतला तो प्राचीन आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. म्हणजे अमेरिकेचे शास्त्र त्यांनी घेतलेच, पण आपल्या पूर्वजांनी या बाबतीत काय जाणले होते तेही अमेरिकेच्या पुढे ठेवले. नुसते घेणे झाले तर ती याचना होते, नुसते सांगणे झाले तर तो दिमाख होतो. आनंदीबाईंनी देवाणघेवाण केली.

त्या पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून आल्या होत्या. रमाबाई तोपर्यंत ख्रिस्ती झालेल्या, आनंदीबाई निष्ठेने हिंदू राहिलेल्या. दोघी एकाच आनंदाने त्या सभागृहात होत्या. पुढच्या वर्षी रमाबाईंचे हिंदू स्त्रियांच्या स्थितीवरचे इंग्रजी पुस्तक निघाले, त्याला प्रस्तावना लिहिली ती बॉडलेबाईंनी, आणि तीत आनंदीबाईंची आठवण आहे.

आठवण म्हणण्याचे कारण, तोवर आनंदीबाई राहिल्या नव्हत्या. अमेरिकेतच क्षयाने त्यांना ग्रासले होते. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात स्त्रियांच्या विभागाच्या डॉक्टर म्हणून त्यांची नेमणूक झाली होती. पण 1886 च्या नोव्हेंबरात मायदेशी परतलेल्या आनंदीबाई त्या जागेवर रुजू होऊ शकल्या नाहीत. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. ज्या बायकांसाठी त्या शिकल्या, त्यांतील एकीचीही नाडी त्यांना आपल्या गावी डॉक्टर म्हणून पाहता आली नाही, हे मनाला लागून राहते.

त्यांच्या अस्थी गोपाळरावांनी अमेरिकेला कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथील दफनभूमीत, कार्पेंटरबाईंच्या माहेरच्या मंडळींच्या जागेत त्या ठेवल्या आहेत आणि तेथे त्यांच्या नावाचा दगड आहे. आपल्याकडे लेकीला माहेर असते तसे आनंदीबाईंना तेथे एक माहेर मिळाले होते. ते बांधले गेले ते केवळ पत्रांनी.

भगिनींनो, थोर माणसांची चरित्रे वाचून आपण "ती माणसेच वेगळी" म्हणतो आणि पुस्तक मिटतो. आनंदीबाईंएवढे धैर्य आपल्यात नसेल. पण कार्पेंटरबाईंनी जे केले ते करायला कोणते मोठे सामर्थ्य लागते? त्यांनी वाचले, त्यांना आस्था वाटली, त्यांनी विचारले आणि उत्तर येईपर्यंत धीर धरला. समोरची माझ्यासारखी होईल तेव्हा बोलेन, असे त्या म्हणाल्या नाहीत. तिच्या चालीरीतींची परीक्षाही घेत बसल्या नाहीत. आज निरोप क्षणात सातासमुद्रापलीकडे जातो, आणि आपल्याला मात्र जिन्यातले दोन मजले चढायला जड जातात.

आपल्या मंडळात गेल्या काही वर्षांत एक चांगली गोष्ट सुरू झाली आहे, तिचा येथे आनंदाने उल्लेख करते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या आंध्रकडच्या एका शेजारणीला मी विचारले, "तुमच्याकडे आजच्या दिवशी काय करतात हो?" मग दारापुढच्या मोठ्या मुग्गूपासून भोगीच्या होळीपर्यंत त्या तासभर सांगत होत्या आणि आम्ही दहाजणी ऐकत होतो. निघताना त्या म्हणाल्या, "या आळीत आल्यापासून हे कोणी विचारले नव्हते." पुढच्या महिन्यापासून त्या सभासद झाल्या. आता तिळगूळ त्या करतात आणि अरिसेलू आम्ही शिकत आहोत. आमचे अजून बिघडतात, पण खायला कोणी तक्रार करीत नाही.

यंदा मंडळाने आणखी एक पाऊल टाकावे अशी माझी सूचना आहे. प्रत्येक सभासदाने वर्षभरात एका निराळ्या भाषेच्या शेजारणीकडे जावे, काही शिकवायला नव्हे, विचारायला जावे. सणाचे विचारावे, मुलांचे विचारावे, दुखण्याखुपण्याचे विचारावे. तिच्या घरातले एखादे दुखणे तिने आपणहून सांगितले, तर ते कोठे बोलू नये. आणि तिने आपले विचारले, तर आपणही खरे सांगावे.